सुतक कुणी धरायचं

राणीसावरगावात कुणी गेलं की पहिला निरोप पार्वतीबाईंना जातो. गुरुजींना आणि पाहुण्यांना नंतर. त्या येतात, पदर खोचतात, माणसाच्या छातीवर तळहात ठेवतात, नाकापाशी बोटं धरतात आणि मगच म्हणतात, "गेला." त्या म्हणेपर्यंत गेलेलं माणूस गावाच्या हिशेबी गेलेलं नसतं, डॉक्टरने सांगितलेलं असलं तरी. मग पाणी कुणी तापवायचं, न्हाऊ कुणी घालायचं, कोणत्या लेकीसाठी थांबायचं, हे त्या सांगतात. हे काम त्यांना कुणी दिलेलं नाही. तरुणपणी एका घरी कुणालाच काही सुचेना, त्या पुढे झाल्या, आणि तेव्हापासून त्याच पुढे होत आल्या.

त्यांच्या हाताला एक माया आहे, ती तोंडाला नाही. एका मयतीत सून गळा काढून रडत होती. तिने सासूला शेवटची दोन वर्षं नीट हाक मारली नव्हती. पार्वतीबाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हळू रड बाई. म्हातारीला आता ऐकू येत न्हाई, आन् येत व्हतं तवा तू बोलत न्हवतीस." त्याच पार्वतीबाई नव्याने विधवा झालेल्या बाईच्या बांगड्या मात्र कधी दगडावर फोडू देत नाहीत. हाताला तेल लावून एकेक उतरवतात. काचेचा तो आवाज बाईला जन्मभर ऐकू येतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या स्वतःच्या फोडल्या होत्या, नवरा सीतारामराव गेले तेव्हा.

त्यांचा एकुलता एक मुलगा महारुद्र मालवाहू जहाजावर होता. गंगाखेडला फिटरचा कोर्स, मग काही हंगाम साखर कारखान्यात, मग मुंबईला जाऊन जहाजाचं शिक्षण, आणि शेवटी जहाजाच्या इंजिनाच्या खोलीत तेलपाणी बघायची नोकरी. गाव त्याला कॅप्टन म्हणे. पार्वतीबाई म्हणत, "कशाचा कॅप्टन! कारखान्यात जे करायचा तेच पाण्यावर करायलाय. कपडे तितकेच काळे व्हतेत." पण रोज संध्याकाळी फोन चार्जिंगला लावला की नाही, हे त्या सुनेला दोनदा विचारत. सून राजेश्री बारावी झालेली, कमी बोलणारी. सासूला ती आत्या म्हणे. दोघींचं भांडण कधी गल्लीत ऐकू आलं नाही, याचं गल्लीला जरा वाईटच वाटे.

ज्वारीची पेरणी चालू होती तेव्हा कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून फोन आला. खत भरून निघालेलं जहाज तांबड्या समुद्रातून जात होतं. बंडखोर लहान होड्यांतून आले, आधी गोळ्या झाडल्या, मग स्फोटकं भरलेली एक बिनमाणसाची होडी थेट इंजिनाच्या बाजूला येऊन आदळली. जहाज दुसऱ्या दिवशी बुडालं. काही माणसं वाचली, काही बेपत्ता. महारुद्र बेपत्ता. फोनवरचा माणूस फार अदबीने बोलला आणि 'आम्ही आपल्यासोबत आहोत' असं म्हणून त्याने फोन ठेवला. पुन्हा लावला तर तो लागेना.

मग राजेश्री मोबाइलवर जे सापडेल ते वाचून दाखवू लागली. पार्वतीबाई ज्वारी निवडत ऐकत.

"आत्या, त्या बंडखोरांचं भांडण दुसऱ्याच देशाशी हाय म्हणं. गरिबांवर जुलूम व्हायलाय, त्याचा बदला घ्यायलेत."

"घेऊ दे की. जुलूम करणारा काय आपल्या जहाजावर बसला व्हता?"

"न्हाई. आपल्या कंपनीचं दुसरं एक जहाज मागं कधीतरी त्या देशाच्या बंदरात गेलतं म्हणं."

पार्वतीबाईंनी सूप खाली ठेवलं. "म्हंजे भांडण पाटलाशी. पाटलाच्या दारात कधीतरी एका गड्यानं पाणी पिलं. आन् त्या गड्याच्या मालकाचा दुसरा गडी रस्त्यानं चालला व्हता, त्याला मारलं. पाटील तिकडं वाड्यात जेवायलाय. लय मोठे शूर!"

"जहाजाचा मालक एका देशाचा, वरचा झेंडा दुसऱ्या देशाचा, विमा तिसरीकडं, खत चौथ्याचं. माणसं आपली आन् फिलिपीन्सची."

"मग बुडालं कुणाचं?"

राजेश्रीने मोबाइल ठेवून टीव्ही लावला. त्यावर उत्तरं देणारे खूप होते. त्या समुद्रावर पहारा द्यायला कितीतरी देशांच्या युद्धनौका दोन वर्षांपासून फिरत होत्या. त्यांची चित्रं रोज दाखवत, वर विमानं, खाली तोफा, मागे संगीत. त्या दिवशी त्यांतली एकही जवळ नव्हती. तडफडणाऱ्यांना पाण्यातून उचललं ते जाता जाता थांबलेल्या एका दुसऱ्या मालवाहू जहाजाने. युद्धनौका नंतर पोचली आणि तिने तेलाच्या तवंगाचे फोटो काढले. सुरक्षा परिषदेने तीव्र शब्दांत निषेध केला. एका मोठ्या देशाने गंभीर चिंता व्यक्त केली, दुसऱ्याने त्या चिंतेवर मतदानच केलं नाही. स्टुडिओत एक निवेदक टेबलावर खेळण्यातलं जहाज ठेवून ते बोटाने पाडून दाखवत होता.

"आपल्याकडं कडब्याची गंजी जळते तवा असंच व्हतं," पार्वतीबाई म्हणाल्या. "जाळणारा पळून जातो. मग सगळे बादल्या घेऊन येतेत आन् राखंपाशी उभं ऱ्हाऊन म्हणतेत, लय वाईट झालं. बंद कर ते."

गावाला मात्र बंद करता येईना. त्याचं कारण वालूरला होतं.

पार्वतीबाईंचे धाकटे दीर दत्तराव यांच्या मुलीचं, भक्तीचं, लग्न वालूरच्या मार्तंडरावांच्या मुलाशी ठरलेलं होतं. तिथी मार्गशीर्षातली. दत्तराव माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला कुणाचंही मन मोडता येत नसे, आणि त्यामुळे जो शेवटी बोलेल त्याचं त्याला पटत असे. त्या आठवड्यात शेवटी बोलणारे नेहमी मार्तंडरावच असत. एके दुपारी दत्तराव नागेशगुरुजींना घेऊन वहिनीच्या अंगणात आला. मागोमाग त्याची बायको, आणि तिच्या मागे गल्लीतल्या सात-आठ बायका. बायका भिंतीला धरून बसल्या. जावेने येताना एक पाट आणला होता. तो तिने अंगणाच्या मधोमध ठेवला आणि कुणी ठेवला हे माहीत नसल्यासारखी बाजूला झाली. तो कुणासाठी ते सगळ्यांना कळलं. राजेश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातभर हिरव्या बांगड्या घालून.

एका बाईने पदर तोंडाला लावून सूर धरला.

"कोण गं ते?" पार्वतीबाई म्हणाल्या. "दात दुखायलाय का?"

सूर थांबला.

"वैनी," दत्तराव चप्पल काढता काढता म्हणाला, "वालूरचे पाव्हणे सारखे फोन करायलेत."

"करू द्या की."

"मार्तंडराव म्हणले, घरात सुतक हाय का न्हाई तेवढं सांगा. आसलं तर दहा दिवस धरू, नसलं तर बस्ता बांधू. मधलं आमाला चालत न्हाई म्हणले."

"मग काय सांगितलंत?"

"म्हणलं, वैनीला इचारून सांगतो."

"म्हंजे माझं पोरगं हाय का न्हाई, ते त्यांच्या मांडवाच्या सोयीनं ठरवायचं. मुहूर्त कवाचा हाय? त्याच्या आत मारावं लागंल की."

"तसं कुठं म्हणलं मी, वैनी! पर टीव्हीवाले बी म्हणायलेत..."

"टीव्हीवाला छातीवर हात ठेवून आला व्हता का?"

दत्तरावाने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी आधी उपरणं नीट केलं. "तशी शास्त्रात बरीच वर्षं वाट पाहायला सांगितली आहे," ते म्हणाले. "परंतु हल्ली माणसांना तेवढी सवड नसते. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देता येतो. अर्थात घरच्यांनी सांगितलं तरच. मी माझ्या मनाने करणार नाही."

"आन् उद्या पोरगं दारात येऊन उभं ऱ्हायलं, तर?"

"तर," गुरुजी जरा थांबून म्हणाले, "त्यालाही एक विधी आहे."

"काय? परत बारसं घालायचं?"

"जवळजवळ तसंच."

भिंतीकडच्या एका बाईला हसू फुटलं आणि तिने ते खोकल्यात ढकललं. पार्वतीबाई मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या, पाटापाशी गेल्या.

"आयका सगळ्याजणी. ह्या गावातली कितीतरी माणसं ह्या हातानं मी वाटंला लावली. एकाला बी हात लावल्याबिगर गेला म्हणलं न्हाई. पोटच्या पोराला न बघता म्हणू? तुमाला करायचं आसंल तर करा. मी आडवी येणार न्हाई. पर हात तुमचा. या, कोण पुढं व्हायलीय?"

कुणीच उठेना. सगळं नेहमी पार्वतीबाईंनी सांगायचं आणि बाकीच्यांनी रडायचं, अशीच गावाला सवय होती. पहिला हात कुणी लावायचा हा प्रश्न एवढ्या वर्षांत कुणाला पडलाच नव्हता. जावेने शेजारणीकडे पाहिलं, शेजारणीने गुरुजींकडे, गुरुजींनी दत्तरावाकडे, आणि दत्तरावाने आपल्या चपलेकडे.

राजेश्री दारातून पुढे आली. सासरच्या नात्यातल्या पुरुषांपुढे ती आजवर बोललेली नव्हती.

"आत्यानं सांगितलं आसतं तरी मी बसले नसते," ती म्हणाली. "ज्याला पाहिजे त्यानं माझा हात धरून बसवावं. मग मी बी बघते." आणि तिने तो पाट उचलून भिंतीला उभा करून ठेवला.

बायका एकेक करून निघून गेल्या. त्यांच्यात काही भल्याही होत्या, पण त्या दिवशी तसं कुणी वागलं नाही.

संध्याकाळी दोघी चुलीपाशी बसल्या असताना राजेश्रीने विचारलं, "आत्या, तुमाला आतून वाटतंय ना, ते हायेत म्हणून?"

पार्वतीबाईंनी थापलेली भाकरी तव्यावर टाकली. "खरं सांगू? मला आतून काहीच वाटंना झालंय. एकदा वाटतं हाय, एकदा वाटतं न्हाई. मला ठाव न्हाई, एवढंच मला ठाव हाय. आन् ज्याला ठाव न्हाई त्यानं गप बसावं, तर सगळं जग बोलायलंय."

त्याची किंमत त्यांना द्यावी लागली. वालूरचे पाहुणे लग्न पुढे ढकलायचं बोलू लागले, आणि गाव म्हणू लागलं की म्हातारी हट्टाने पुतणीचा संसार मोडायला निघाली आहे. एकटी भक्ती एकदा येऊन म्हणाली, "काकू, माझं पुढं गेलं तरी चालतंय. तुमी कुणाचं ऐकू नका." तिच्या डोक्यावर पार्वतीबाईंनी हात ठेवला. मग खालच्या आळीतले सटवाजीतात्या वारले, आणि त्यांच्या घरून निरोप आला नाही. जिच्या स्वतःच्या घरात सुतक आहे की नाही हे ठरलेलं नाही, तिला बोलवायचं कसं, अशी अडचण निघाली होती. पार्वतीबाई उंबऱ्यात बसून तिकडचा आवाज ऐकत राहिल्या. तिथे नको त्या वेळी रडणं चाललं होतं, आणि तात्यांच्या म्हातारीच्या बांगड्या दगडावर फुटल्याचा आवाज इतक्या लांबून येणं शक्य नव्हतं, तरी त्यांनी कानावर पदर ओढला.

व्हिडिओ आला तो अशाच एका सकाळी. बंडखोरांनीच तो जगाला दाखवला होता. बुडत्या जहाजावरून त्यांनी काही जणांना पकडून नेलं होतं, आणि आता त्यांना रांगेत बसवून त्यांच्याकडून बोलून घेतलं होतं. तिसरा महारुद्र. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, कुणाचा तरी ढगळ सदरा. तो इंग्रजीत म्हणत होता की आमची चूक झाली, आम्हाला फार चांगलं वागवतात. राजेश्रीने ते सासूला मराठीत सांगितलं.

"परत लाव," पार्वतीबाई म्हणाल्या. राजेश्रीने परत लावला. तिला रडण्यामुळे नीट दिसत नव्हतं. पार्वतीबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला. त्या चेहरा बघत नव्हत्या, सदऱ्याची बटणं बघत होत्या.

"छाती हालायलीय," त्या म्हणाल्या. "हाय."

मग त्यांनी तिसऱ्यांदा लावायला सांगितला, आणि आता त्यांचं तोंड सुटलं. "पाहुणचार करायलेत म्हणं! आसा कोणता पाहुणचार आसतो, ज्यात पाव्हण्याची हाडं मोजता येतेत? आन् ती बंदूक कशाला मागं? वाढायला?"

तासाभरात अंगण भरलं. त्या दिवशी भिंतीला धरून बसलेल्या बायका साखर घेऊन आल्या आणि 'आम्हाला तर वाटतच होतं' असं एकमेकींना सांगू लागल्या. दत्तराव पेढे घेऊन धावत आला. "वैनी! सुतक न्हाई! मार्तंडरावांना कळवलं बी. तिथी तीच!"

"पोरगं बंदुकीखाली बसलंय, दत्तराव."

"व्हय की. लय वाईट झालं. पर हाय ना!"

पार्वतीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो खरोखर आनंदात होता. महारुद्र त्याच्याही खांद्यावर बसून जत्रेला गेला होता. त्यांनी पेढा घेतला. "भक्तीचा म्हणून घ्यायलेय," त्या म्हणाल्या. लग्नात राजेश्रीने भक्तीला हळद लावली, मार्तंडरावांनी पार्वतीबाईंना वाकून नमस्कार केला, आणि त्यांना पार्वतीबाईंनी जो आशीर्वाद दिला तो इतका थोडक्यात होता की ऐकणाऱ्यांना तो संपल्याचं कळलं नाही.

सुटका व्हायला उन्हाळा उजाडला. तिकडच्याच एका लहानशा देशाने मध्यस्थी केली. काय बोलणं झालं ते कुणी सांगितलं नाही. सुटल्याच्या दिवशी मात्र श्रेय घेणाऱ्यांची इतकी गर्दी झाली की माणसं पकडली गेली तेव्हा हे सगळे कुठे होते, असं राजेश्रीने टीव्हीला विचारलं. ती आता सासूसारखी बोलायला लागली होती. गावाच्या वेशीत फ्लेक्स लागला. त्यावर तालुक्याच्या पुढाऱ्याचा फोटो दाराएवढा होता आणि महारुद्रचा खिडकीएवढा. रविवारी सकाळी मिरवणूक, जेसीबीतून फुलं, सत्कार.

महारुद्र शनिवारी संध्याकाळीच एसटीने आला, कुणाला न सांगता. पार्वतीबाईंनी त्याच्या छातीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाल्या, "जेव."

तो जेवला, पण मान वर करून बोलेना. राजेश्रीने फार काही विचारलं नाही. सकाळी वेशीकडून डीजेचा आवाज सुरू झाला तसा तो माजघरात जाऊन बसला. पार्वतीबाई त्याच्यासमोर जाऊन बसल्या.

"काय हाय ते सांग."

"आई, इंजिनाच्या खोलीत माझ्यासंगं डॅनिलो व्हता. फिलिपीन्सचा. मला काम त्यानंच शिकवलं." तो थांबला. "होडी आदळली ती आमच्याच बाजूला. मी त्याला जिन्यापर्यंत ओढत आणलं. पाणी वर यायलं व्हतं."

"गेला व्हता?"

"व्हय."

"हात लावून बघितलंस?"

"छातीवर हात ठेवला. तुला बघितलं व्हतं ना लहानपणी. नाकापाशी बी धरला. मग सोडला, आई. मी सोडला त्याला."

पार्वतीबाईंनी विचारलं, "त्याच्या घरी कुणी हाय?"

"बायको हाय. कंपनीनं तिला बेपत्ता म्हणून कळवलंय. अजून तेच हाय."

"तू सांगितलं न्हाईस?"

"मला कुणी इचारलंच न्हाई. सगळे इचारतेत, सुटल्यावर कसं वाटायलंय."

बाहेर दत्तराव फेटा बांधून आला होता. "वैनी, सायेब आलेत वेशीत! जेसीबीत फुलं भरलीत, उन्हानं वाळायलीत. पोराला पाठवा."

पार्वतीबाई दारात गेल्या. "आज सत्कार न्हाई. घरात सुतक हाय म्हणून सांगा."

"सुतक? कुणाचं?"

"जहाजावरच्या माणसाचं. पोरानं स्वतः बघितलंय."

"आवं, पर ते कुठलं, कोण, आपल्यात त्याचं सुतक कसं..."

"झेंडा कुणाचा ते बघायलाव व्हय तुमी बी? जावा. मार्तंडरावाला बी कळवा, पायजे तर दहा दिवस त्यांनी बी धरावं."

दत्तराव गेला. जरा वेळाने डीजे थांबला. जेसीबी मात्र भाड्याची होती, तिने फुलं तिथेच रस्त्यावर टाकली आणि ती निघून गेली.

महारुद्रने डॅनिलोच्या बायकोचा नंबर काढला होता, पण त्याचा अंगठा पुढे जात नव्हता. "काय म्हणू, आई? मला न्हाई जमायचं."

पार्वतीबाई त्याच्याजवळ बसल्या. आवाज त्यांनी खाली आणला. या आवाजात त्या फक्त मयताच्या घरी बोलत.

"आधी तुझं नाव सांग. त्याच्यासंगं काम करत व्हतो म्हणून सांग. मग इचार, बाई, तू बसलेली हायेस का उभी. उभी आसली तर बस म्हण. जवळ कुणी हाय का इचार. कुणी नसलं तर बोलाव म्हण, मी थांबतो. आन् खरंच थांब. मग सांग. बेपत्ता म्हणू नको, देवाघरी म्हणू नको. गेला म्हण. मी हात लावून बघितलं म्हण. एकटा न्हवता म्हण. मग ती काय म्हणंल ते आयक. फोन तू ठेवू नको. तिला ठेवू दे."

महारुद्रने नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली, मग एका बाईचा आवाज आला. त्याने आपलं नाव सांगितलं, आणि मग तिच्या भाषेत नाही, आपल्याही नाही, त्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, ती बसली आहे का.